गिटारची भाषा: शिकणाऱ्यांना हमखास अडणारे प्रश्न

खालची उत्तरं वाचताना गिटार मांडीवर असू द्या. यातल्या निम्म्याहून अधिक शब्दांचा अर्थ शेवटी "किती फ्रेट अंतर?" या एका प्रश्नापाशी येतो. फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या, म्हणजे तारांखालच्या लांब दांड्यावरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या आणि त्यांच्यातले कप्पे. ते अंतर बोटाने मोजलं आणि कानाने ऐकलं की व्याख्या पाठ करायची गरज उरत नाही. स्वरांची आणि कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांची) इंग्रजी अक्षरं इथे देवनागरीतच लिहिली आहेत: ए, बी, सी, डी, ई, एफ, जी.

पहिली तार कोणती? वरची की खालची?

सगळ्यात पातळ ती पहिली, सगळ्यात जाड ती सहावी. गिटार धरली की जाड तार छताकडे येते, म्हणून नवशिके तिलाच पहिली समजतात. त्यात "वरची तार" हा शब्द भर घालतो. वादक "वर जा" म्हणतो तेव्हा त्याला उंच स्वर हवा असतो, म्हणजे हात जमिनीकडे न्यायचा. मी स्वतः सुरुवातीला कॉर्डचे आराखडे उलटे वाचत होतो आणि सी मेजर इतकी विद्रूप का वाजते याचं खापर बिचाऱ्या गिटारवर फोडत होतो.

ओपन तारा, म्हणजे डाव्या हाताचं बोट न लावता वाजवलेल्या तारा, सहावीकडून पहिलीकडे अशा: ई, ए, डी, जी, बी, ई. पाचवी तार 110 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 110 कंपनांना, लावतात. पहिल्या तारेचा पाचवा फ्रेट दाबलात की 440 हर्ट्झचा ए मिळतो. जगभर वाद्यं जुळवायला हाच स्वर धरतात.

पाचव्या फ्रेटने तारा जुळवताना तिसऱ्या तारेला चौथा फ्रेट का दाबायचा?

शेजारच्या दोन तारांमध्ये पाच फ्रेटचं अंतर असतं, फक्त जी आणि बी यांच्यात चार. सगळीकडे पाच ठेवले असते तर पहिली तार ई न होता एफ झाली असती आणि सहा तारांवर आडवं बोट टाकून कॉर्ड धरणं फार अवघड झालं असतं. एका ठिकाणी एक फ्रेट कमी केल्याने पहिली आणि सहावी तार दोन्ही ई राहतात, बरोबर दोन सप्तकांच्या अंतरावर. त्याची किंमत अशी की एखादा आकार तिसऱ्या तारेवरून दुसऱ्या तारेवर नेला की तो एक फ्रेट पुढे सरकतो. हा अपवाद पुढे प्रत्येक स्केलमध्ये भेटणार आहे, तेव्हा आत्ताच ओळख करून घ्या.

नोट, पिच आणि टोन हे एकच का?

पिच म्हणजे स्वराची उंची, जी हर्ट्झमध्ये मोजता येते. नोट म्हणजे त्या उंचीला दिलेलं नाव, किंवा ते नाव घेऊन वाजलेला स्वर. रोजच्या बोलण्यात "स्वर" म्हटलं तरी चालतं. टोन हा मात्र दुतोंडी शब्द आहे. थिअरीत टोन म्हणजे दोन फ्रेटचं अंतर, आणि दोन गिटारवादक गप्पा मारताना "काय टोन आहे!" म्हणतात तेव्हा त्यांना आवाजाचा पोत अभिप्रेत असतो.

सेमीटोन, हाफ स्टेप, होल स्टेप म्हणजे किती?

सेमीटोन आणि हाफ स्टेप एकच: एक फ्रेट. होल स्टेप किंवा होल टोन म्हणजे दोन फ्रेट. बारा फ्रेट पुढे गेलात की ऑक्टेव्ह, म्हणजे पुढच्या सप्तकातला तोच स्वर.

बारावा फ्रेट नेमका तारेच्या मध्यावर असतो. तारेची लांबी निम्मी झाली की कंपनं दुप्पट होतात आणि तोच स्वर वरच्या सप्तकात ऐकू येतो. मधले बारा टप्पे समान प्रमाणात पाडायचे, तर प्रत्येक टप्प्याला कंपनसंख्या सुमारे 1.0595 पट व्हावी लागते. म्हणून गिटार बनवणारा उरलेल्या तारेला 17.817 ने भागतो, तिथे फ्रेट बसवतो, पुन्हा उरलेल्या लांबीला त्याच आकड्याने भागतो. 648 मिलिमीटरची तार धरली तर पहिला फ्रेट नटपासून (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) साधारण 36 मिलिमीटरवर येतो आणि बारावा 324 वर. पुढे जाताना फ्रेट जवळजवळ येतात ते यामुळे.

या 648 ला "स्केल लेन्थ" म्हणतात. तिचा मेजर-मायनर स्केलशी काही संबंध नाही. शब्द कमी पडले की इंग्रजीतही असे जुनेच पुन्हा वापरतात.

एकाच फ्रेटला सी शार्प आणि डी फ्लॅट अशी दोन नावं कशाला?

शार्प म्हणजे एक फ्रेट पुढे, फ्लॅट म्हणजे एक फ्रेट मागे. सीच्या एक फ्रेट पुढे आणि डीच्या एक फ्रेट मागे जागा एकच, म्हणून दोन नावं. गिटारवर आवाजात काहीच फरक पडत नाही, फरक लिहिण्यात पडतो. सात स्वरांच्या स्केलमध्ये प्रत्येक अक्षर एकदाच यावं असा रिवाज आहे. एफ मेजर स्केल लिहून बघा: एफ, जी, ए, बी फ्लॅट, सी, डी, ई. बी फ्लॅटच्या जागी ए शार्प लिहिलंत तर ए दोनदा येतो आणि बी गायब होतो. वाजवताना बिघडत नाही, वाचताना मात्र ठेच लागते.

ई आणि एफ यांच्यामध्ये, तसंच बी आणि सी यांच्यामध्ये, रिकामा फ्रेट सुटत नाही. या दोन जोड्या लक्षात ठेवल्या की बाकी सगळी मान मोजून काढता येते. आणि कुठे जर्मन पुस्तक हाती आलं तर सावध: त्यांच्याकडे आपल्या बीला एच म्हणतात आणि बी फ्लॅटला नुसतं बी.

स्केल आणि की यात फरक काय?

स्केल म्हणजे क्रमाने लावलेले स्वर. की म्हणजे त्या स्वरांमधलं घर कोणतं ते. गाणं फिरून फिरून कुठे विसावतं, शेवटचा स्वर कुठे "आलो एकदाचे" असं वाटायला लावतो, ती त्याची की. आपल्याकडे षड्ज म्हणतात तो हा. थिअरीत त्या स्वराला रूट किंवा टॉनिक म्हणतात: रूट कॉर्डचा किंवा स्केलचा मूळ स्वर, टॉनिक कीचं घर. सुरुवातीला दोन्ही एकच समजलात तरी निभावतं.

मेजर स्केल एकाच तारेवर वाजवून बघा, म्हणजे अंतरं डोळ्यांना दिसतील. दुसऱ्या तारेचा पहिला फ्रेट म्हणजे सी. तिथून 1, 3, 5, 6, 8, 10, 12, 13 हे फ्रेट वाजवा. सा रे ग म प ध नी सा, सगळे शुद्ध. अंतरं मोजलीत तर दोन-दोन-एक, मग दोन-दोन-दोन-एक. तारेवर कुठूनही सुरुवात करा, हे आकडे पाळले की मेजर स्केलच ऐकू येईल.

आता तिसऱ्या तारेवर 2, 4, 5, 7, 9, 10, 12, 14 वाजवा. ही ए मायनर. स्वर तेच सी मेजरचेच सात, फक्त घर ए झालं. अशा जोडीला रिलेटिव्ह मेजर आणि रिलेटिव्ह मायनर म्हणतात. मेजरच्या घरापासून तीन फ्रेट मागे गेलं की त्याची रिलेटिव्ह मायनर सापडते: सीची ए, जीची ई, डीची बी.

गायक "काळी चार" म्हणतो. मी काय वाजवू?

पेटीच्या पट्ट्यांची नावं आणि अक्षरांची नावं यांची सांगड एकदा घालून ठेवा. पांढरी एक म्हणजे सी, पांढरी दोन डी, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, पांढरी पाच जी, पांढरी सहा ए, पांढरी सात बी. काळी एक सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प.

म्हणजे काळी चार ही जी शार्प. ओपन कॉर्ड्समध्ये ती थेट सापडत नाही, म्हणून पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा आणि जीचे आकार वाजवा. काळी एक हवी असेल तर पहिल्या फ्रेटला कॅपो आणि सीचे आकार, किंवा चौथ्या फ्रेटला कॅपो आणि एचे आकार. दोन्हींत स्वर तेच, पण भरणी वेगळी ऐकू येते. गायकाच्या आवाजाला कोणती शोभते ते दोन्ही वाजवून ठरवा.

एक सूचना: गिटार शिकणारी मंडळी पट्टीला सर्रास "स्केल" म्हणतात, "कोणत्या स्केलमध्ये गातोस?" वगैरे. अर्थ पोचतो, पण त्यांना की विचारायची असते. मी ते सुधारत बसत नाही.

कॅपो लावल्यावर कॉर्डचं नाव बदलतं का?

आकाराचं नाव तेच राहतं, वाजणारी कॉर्ड बदलते. दुसऱ्या फ्रेटला कॅपो लावून जीचा आकार धरलात तर ऐकू येते ती ए. गाण्याच्या कागदावर "कॅपो 2" असं लिहिलं असेल तर खालची नावं बहुधा आकारांची असतात. सोबत पेटी किंवा कीबोर्ड असेल तर त्या वादकाला वाजणारी नावं सांगायची. ही एक गोष्ट न बोलल्यामुळे तालमीची पहिली दहा मिनिटं वाया गेलेली मी अनेकदा पाहिली आहेत.

इंटरव्हल म्हणजे काय? चार फ्रेटच्या अंतराला "थर्ड" का म्हणतात?

इंटरव्हल म्हणजे दोन स्वरांमधलं अंतर. त्याचं नाव फ्रेट मोजून पडत नाही, अक्षरं मोजून पडतं, आणि सुरुवातीचं अक्षरही मोजायचं असतं. सी, डी, ई: तीन अक्षरं, म्हणून सी ते ई हा थर्ड. ए, बी, सी: हाही थर्ड. पण फ्रेट मोजा. सी ते ई चार, ए ते सी तीन. म्हणून पहिला मेजर थर्ड, दुसरा मायनर थर्ड. सरगमच्या भाषेत शुद्ध गंधार आणि कोमल गंधार.

फोर्थ आणि फिफ्थच्या मागे "परफेक्ट" लागतं. परफेक्ट फोर्थ पाच फ्रेट, म्हणजे सा ते शुद्ध म. परफेक्ट फिफ्थ सात फ्रेट, म्हणजे सा ते प. जो तंबोरा ऐकत आला आहे त्याच्या कानात फिफ्थ आधीच बसलेला असतो, त्याला फक्त नाव नवीन. या दोघांच्या मधला सहा फ्रेटचं अंतर तो ट्रायटोन, आपला तीव्र मध्यम.

कॉर्ड म्हणजे नेमकं काय? मेजर आणि मायनरमध्ये काय बदलतं?

तीन किंवा अधिक वेगवेगळे स्वर एकत्र वाजले की कॉर्ड. सगळ्यात साधी कॉर्ड तीन स्वरांची, तिला ट्रायड म्हणतात: रूट, थर्ड आणि फिफ्थ. सी मेजरमध्ये सी, ई, जी.

"मग मी पाच तारा का वाजवतो?" हा यावरचा नेहमीचा उपप्रश्न. ओपन सी धरा आणि पाचव्या तारेपासून एकेक तार सावकाश छेडा. पाचवीचा तिसरा फ्रेट सी, चौथीचा दुसरा ई, तिसरी ओपन जी, दुसरीचा पहिला सी, पहिली ओपन ई. पाच तारा, पण स्वर तीनच. सी आणि ई दोनदा आले. गिटारच्या कॉर्डची भरणी ही अशा पुनरावृत्तीतून येते. कोणता स्वर कुठे आणि किती वेळा ठेवला याला व्हॉइसिंग म्हणतात, आणि एकाच सी मेजरची मानेवर कितीतरी व्हॉइसिंग सापडतात.

आता ई मेजर धरा: पाचवी आणि चौथी तार दुसऱ्या फ्रेटला, तिसरी पहिल्या फ्रेटला, बाकी ओपन. वाजवा. मग तिसऱ्या तारेवरचं एकच बोट उचला आणि पुन्हा वाजवा. ई मायनर झाली. त्या बोटाखाली जी शार्प होता, बोट उचलल्यावर जी राहिला. सहापैकी एका तारेवर एका फ्रेटचा फरक, आणि कॉर्डचा चेहराच बदलला. बदलला तो थर्ड. रूट आणि फिफ्थ जागेवरच आहेत. एमध्येही असंच होतं: दुसऱ्या तारेवरचं बोट दुसऱ्या फ्रेटवरून पहिल्यावर आणलं की ए मायनर.

मेजर आनंदी आणि मायनर दुःखी, हे समीकरण पहिल्या आठवड्यापुरतं ठीक आहे. मायनरमध्ये नाचायला लावणारी गाणी भरपूर आहेत. भाव ठरवताना लय, शब्द आणि स्वराची उंची यांनाही बोलायचं असतं.

कॉर्डच्या नावापुढचे 7, मेजर 7, सस 4, ॲड 9 हे काय प्रकरण आहे?

आकडा म्हणजे रूटपासून मोजलेला कितवा स्वर ते. घोळ फक्त सातच्या बाबतीत होतो, कारण सात दोन प्रकारचे. नुसतं "सी सेव्हन" म्हटलं की कोमल निषाद, म्हणजे बी फ्लॅट. "सी मेजर सेव्हन" म्हटलं की शुद्ध निषाद, म्हणजे बी.

दोन्हींमधला फरक ओपन सीवर एका मिनिटात कळतो. सी धरून दुसऱ्या तारेवरचं पहिलं बोट उचला: बी मोकळा झाला आणि सी मेजर सेव्हन वाजली. मऊ, थोडी धुकट. आता बोट परत ठेवा आणि करंगळी तिसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर टेकवा. ही सी सेव्हन. तिच्यात एक ओढ आहे, पुढे एफकडे जावंसं वाटतं. बारकाईने पाहिलंत तर या आकारात जी उरलाच नाही, करंगळीने तो झाकला. चालतं. कॉर्डमधून एखादा स्वर गाळायचा झाला तर वादक आधी फिफ्थच गाळतात. तिचा स्वभाव थर्ड आणि सेव्हन्थ ठरवतात.

सस म्हणजे थर्ड काढून त्याच्या जागी शेजारचा स्वर ठेवणं: सस 4 मध्ये फोर्थ, सस 2 मध्ये सेकंड. ओपन डीमध्ये पहिल्या तारेवर दुसरा फ्रेट आहे तो एफ शार्प, हाच थर्ड. करंगळीने तिसरा फ्रेट दाबा, डी सस 4. बोट उचलून तार मोकळी सोडा, डी सस 2. थर्डच नसल्यामुळे या कॉर्ड्स मेजरही नाहीत आणि मायनरही नाहीत, म्हणून अधांतरी वाटतात.

ॲड 9 मध्ये थर्ड तसाच राहतो आणि वर रिषभ मिसळतो. सी ॲड 9 मध्ये सी, ई, जी, डी. नुसतं "सी 9" लिहिलं तर मात्र त्यात कोमल निषादही आला. "ॲड" या दोन अक्षरांवर एवढं अवलंबून असतं.

डिमिनिश्ड म्हणजे मायनर थर्ड आणि एक फ्रेट उतरलेला फिफ्थ. ऑगमेंटेड म्हणजे मेजर थर्ड आणि एक फ्रेट चढलेला फिफ्थ. दोन्ही क्वचित लागतात. तिरकी रेघ असलेली नावं, उदाहरणार्थ डी/एफ शार्प, सोपी आहेत: रेघेच्या आधी कॉर्ड, नंतर सगळ्यात खालचा स्वर कोणता वाजवायचा ते.

पॉवर कॉर्ड ही खरी कॉर्ड आहे का?

काटेकोर पाहिलं तर नाही, कारण तिच्यात दोनच वेगळे स्वर असतात, रूट आणि फिफ्थ. नावात 5 हा आकडा असतो, जसं की ए 5. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट) लावल्यावर थर्ड असलेली पूर्ण कॉर्ड चिखल होते आणि ही दोन स्वरांची जोडी स्वच्छ राहते, म्हणून रॉक वाजवणाऱ्यांना ती प्रिय.

बार कॉर्ड का वाजत नाही?

बार म्हणजे तर्जनी आडवी टाकून अनेक तारा एकदम दाबणं. एफ मेजर ही बहुतेकांची पहिली बार कॉर्ड, आणि माझ्या मते ती पहिली असू नये. पहिल्या फ्रेटला तार नटच्या अगदी जवळ असल्याने ती दाबायला सर्वांत जास्त जोर लागतो. तोच आकार पाचव्या फ्रेटला धरा. तिथे तो ए मेजर होतो आणि हाताला बराच सोपा जातो. तिथे स्वच्छ वाजू लागला की रोज एक फ्रेट मागे या.

तर्जनी सपाट न ठेवता थोडी अंगठ्याच्या बाजूला कलती ठेवा, फ्रेटच्या धातूच्या पट्टीला अगदी चिकटून. तिने सगळ्या तारा दाबायच्याही नसतात. एफच्या आकारात तिसरी, चौथी आणि पाचवी तार दुसरीच बोटं सांभाळतात.

"वन, फाइव्ह, सिक्स, फोर" असं वादक एकमेकांना काय सांगतात?

कीमधल्या स्वरांना एक ते सात क्रमांक द्यायचे आणि त्या त्या स्वरावर उभ्या राहणाऱ्या कॉर्डला तोच क्रमांक. जी मेजरमध्ये क्रमाने जी, ए मायनर, बी मायनर, सी, डी, ई मायनर आणि एफ शार्प डिमिनिश्ड. म्हणून जीमध्ये एक-पाच-सहा-चार म्हणजे जी, डी, ई मायनर, सी. गायकाला पट्टी बदलून डी हवी झाली? क्रमांक तेच, कॉर्ड्स डी, ए, बी मायनर, जी. याला ट्रान्सपोज करणं म्हणतात.

पुस्तकांत हे क्रमांक रोमन आकड्यांत असतात, मेजरसाठी मोठी अक्षरं आणि मायनरसाठी छोटी. कोणत्याही मेजर कीमध्ये एक, चार, पाच मेजर, दोन, तीन, सहा मायनर, सात डिमिनिश्ड. कॉर्डच्या अशा साखळीला प्रोग्रेशन म्हणतात.

बीट, टेम्पो, बार, टाइम सिग्नेचर: मात्रा आणि तालाशी यांचं नातं काय?

बीट म्हणजे मात्रा. टेम्पो म्हणजे लय, मिनिटाला किती बीट ते, बीपीएममध्ये. 60 बीपीएम म्हणजे सेकंदाला एक. बार म्हणजे ठरावीक बीटचा एक गट. इथे "बार" शब्द बोट आडवं टाकण्याच्या बारपेक्षा वेगळा. 4/4 मध्ये बारला चार बीट, आणि 80 बीपीएमला असा एक बार बरोबर तीन सेकंदांत संपतो.

3/4 आणि 6/8 यांत फरक काय, हे हमखास विचारलं जातं, कारण गणितात दोन्ही सारखेच. टाळी कुठे पडते ते ऐका. 3/4 मध्ये एक दोन तीन, एक दोन तीन असे तीन ठोके. 6/8 मध्ये एक दोन तीन चार पाच सहा, म्हणजे दोन मोठे ठोके आणि प्रत्येकाच्या पोटात तीन छोटे. दादऱ्याचा ठेका अंगात असलेल्याला 6/8 चटकन कळतो.

स्ट्रमिंग (तारांवरून हात फिरवत कॉर्ड वाजवणं) करताना हात लंबकासारखा खाली-वर चालूच ठेवायचा. बीटवर खाली, दोन बीटच्या मध्ये वर. पॅटर्नमध्ये एखादा स्ट्रोक नसेल तर हात फिरवायचा, पण तारांना लावायचा नाही. स्ट्रोक गाळताना हात थांबवला की लय तिथेच तुटते. अगदी शिकलेल्या वादकांचंही इथेच फसतं.

टॅब कशी वाचायची?

टॅब म्हणजे कोणत्या तारेचा कोणता फ्रेट वाजवायचा ते दाखवणारी लिपी. सहा आडव्या रेघा म्हणजे सहा तारा. सगळ्यात वरची रेघ पहिली, पातळ तार. गिटार मांडीवर ठेवून वरून वाकून पाहिल्यासारखं. रेघेवरचा आकडा म्हणजे फ्रेट, शून्य म्हणजे ओपन. आकडे एकाखाली एक असतील तर एकदम वाजवायचे. एच हे अक्षर दिसलं तर हॅमर ऑन, म्हणजे न छेडता बोट आपटून स्वर काढणं. पी म्हणजे पुल ऑफ, बोट ओढून सोडणं. बी म्हणजे बेंड, तार आडवी ताणून स्वर चढवणं. तिरकी रेघ म्हणजे स्लाइड. मींड ऐकून तयार झालेल्या कानाला बेंड आणि स्लाइड ओळखीचे वाटतात.

साध्या टॅबमध्ये कोणता स्वर किती वेळ धरायचा ते लिहिलेलं नसतं. म्हणून गाणं आधी ऐकलेलं असावं लागतं.

पेंटाटॉनिक आणि मोड हे थाट-रागांसारखेच का?

पेंटाटॉनिक म्हणजे पाच स्वरांची स्केल. ए मायनर पेंटाटॉनिकचा "बॉक्स" पाचव्या फ्रेटला असतो: सहाव्या तारेवर 5 आणि 8, पाचवी, चौथी आणि तिसरी या तारांवर 5 आणि 7, दुसऱ्या आणि पहिल्या तारेवर 5 आणि 8. हेच स्वर सहाव्या तारेच्या आठव्या फ्रेटवरच्या सीला सा मानून वाजवलेत तर सी मेजर पेंटाटॉनिक होते, आणि भूप रागाचे सा रे ग प ध समोर उभे राहतात.

मोड म्हणजे तेच सात स्वर, पण घर वेगळं. चौथ्या तारेवर 0, 2, 3, 5, 7, 9, 10, 12 वाजवा. स्वर सी मेजरचे, सुरुवात डीवर. हा डोरियन, आणि त्यात ग आणि नी कोमल आहेत, म्हणजे काफी थाट. विष्णु नारायण भातखंडे यांच्या दहा थाटांपैकी सहा असे जुळतात: बिलावल म्हणजे मेजर किंवा आयोनियन, काफी डोरियन, भैरवी फ्रिजियन, कल्याण लिडियन, खमाज मिक्सोलिडियन, आसावरी एओलियन म्हणजे नॅचरल मायनर. सातवा लोक्रियन, त्यात पंचमच उतरलेला असतो, म्हणून त्याला जोडीदार थाट नाही. उलट भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी मेजर स्केलच्या कोणत्याच मोडमध्ये बसत नाहीत.

हे साम्य स्वरांपुरतं. रागाला चलन असतं, वादी-संवादी असतात, कुठे थांबायचं याचे संकेत असतात. मोडला यातलं काही बांधील नसतं. डोरियन वाजवला म्हणजे काफी गायला असं नाही.

ॲक्शन आणि इंटोनेशन हे शब्द दुरुस्ती करणारा वापरतो. म्हणजे काय?

ॲक्शन म्हणजे तार फ्रेटपासून किती उंच आहे ते. जास्त असेल तर बोटं दुखतात, फार कमी असेल तर तार फ्रेटला लागून खरखरते. इंटोनेशन म्हणजे मानेवर वर गेल्यावरही स्वर खरा राहतो का. तपासायला बाराव्या फ्रेटच्या पट्टीवर तारेला नुसता स्पर्श करून छेडा, घंटेसारखा हार्मोनिक निघेल. मग तोच फ्रेट नीट दाबून वाजवा. दोन्ही सारखे हवेत. दाबलेला स्वर चढा असेल तर ब्रिजवरचं सॅडल (दुसऱ्या टोकाला तार टेकते तो तुकडा) मागे सरकवून तार किंचित लांब करतात; इलेक्ट्रिक गिटारवर त्यासाठी स्क्रू असतात, अकूस्टिकवर हे काम जाणकाराकडे द्यावं. तपासण्याआधी तारा नव्या घाला. जुन्या, गंजलेल्या तारा इंटोनेशन बिघडल्याचा आभास देतात.

ट्यूनरवर सगळ्या तारा हिरव्या दिसतात, तरी कॉर्ड किंचित बेसूर का लागते?

आधी बोटाचा जोर बघा. फ्रेटवर गरजेपेक्षा जास्त दाबलं की तार ताणली जाते आणि स्वर चढतो. नवशिक्यांचं निम्मं बेसूरपण इथून येतं.

उरलेलं कान खरा असल्यामुळे येतं. एका फ्रेटचे शंभर भाग केले तर एका भागाला सेंट म्हणतात. मेजर थर्ड म्हणजे चार फ्रेट, 400 सेंट. पण निसर्गतः जुळणारा शुद्ध गंधार साधारण 386 सेंटवर असतो, म्हणजे गिटारचा गंधार मुळातच 14 सेंट चढा. पंचमात फरक दोनच सेंटचा, तो कुणाला जाणवत नाही. बारा समान फ्रेटची ही सोय आहे: कोणत्याही कीमध्ये वाजवता येतं, कोणतीच की पूर्ण शुद्ध नसते.

म्हणूनच हा प्रकार वारंवार घडतो. ई मेजर धरली, तिसऱ्या तारेवरचा जी शार्प टोचला, म्हणून तिसरी तार कानाने थोडी उतरवली. ई मेजर गोड झाली. मग सी धरली, तर तीच तिसरी तार ओपन जी म्हणून वाजली आणि पंचम उतरला. पुन्हा खुंटी पिळली, पुन्हा ई बिघडली. खुंटी सोडा, ट्यूनरवर जी परत आणा आणि ई धरताना तिसऱ्या तारेवरचं बोट हलकं ठेवा.